उल्हासाचा दर

उल्हास, ‘मेल्या’ अशी हाक मी तुला उभा जन्म मारली. तूही मला मारलीस. बांधकाम खात्याच्या कचेरीच्या व्हरांड्यात, चहाच्या टेबलावर, फोनवर, देवळाच्या पायरीवरसुद्धा. आज लिहायला बसलो आणि त्या शब्दावर हात अडला. आतापर्यंत ती शिवी होती, आता नुसती माहिती झाली आहे. तरी तीच हाक मारतो. मेल्या, हे तू बरं केलं नाहीस.

पेपरात तुझा फोटो आला. वर ‘सुप्रसिद्ध सरकारी कंत्राटदार’ आणि खाली ‘मनमिळाऊ स्वभाव’. मनमिळाऊ हे वाचून आमच्या साखळी गावच्या बाजारात चौघांना ठसका लागला. तू किती कामं केलीस, मागे कोण कोण आहेत, ते सगळं तिथे छापून आलंय, त्यातलं मला काही लिहायचं नाही. मला तुझ्याशी कोरगावच्या स्मशानशेडीबद्दल बोलायचं आहे. तिचं टेंडर भरायचं की नाही, हा आपला शेवटचा वाद. तो अर्ध्यावर टाकून तू उठलास आणि ठरवायचं काम माझ्या एकट्याच्या गळ्यात मारलंस. एकट्याने ठरवायची मला सवय नाही, हे तुझ्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक होतं?

आधी तुझ्या अंत्ययात्रेचं सांगतो, कारण तू हजर असून तुला काही दिसलं नाही. पाऊस असा की पुढचा माणूस ओळखू येईना. व्हाळावरच्या अरुंद साकवावरून, ओढ्यावरच्या त्या पायपुलावरून, तुला पलीकडे नेताना आम्ही खांदेकरी कुशीवर, पाय सरकवत चाललो होतो, आणि माझ्या मनात येत होतं की इथून टेम्पो जाणार नाही, म्हणजे रेती डोक्यावरून, म्हणजे मजुरी दुप्पट. तुला खांदा देताना माझ्या डोक्यात एस्टिमेट चालू होतं. रागावू नकोस. मी तिरडीवर आणि तू खांद्याला असतास तर तूही तेच केलं असतंस, वर मी जड आहे म्हणून कुरकुरला असतास.

पलीकडे ती जुनी शेड. गंजलेले चार खांब, वर पत्रे कमी आणि भोकं जास्त. तुला लाकडांवर ठेवलं आणि नेमकी तुझ्या छातीवर धार लागली. पेडणे-डिचोलीतले निम्मे कंत्राटदार तिथे भिजत उभे होते आणि सगळे वर बघत होते. गावकऱ्यांना वाटलं असेल, देवाचं नाव घेतायत. कसलं देवाचं नाव! प्रत्येकजण पत्र्याचं माप काढत होता.

शेवटी पेडण्याचा बाबुराव म्हणाला, “माझी गाडी व्हाळाच्या पलतडी उभी असा. सेंटरिंगच्यो प्लेटी असत तेच्यात.” ज्या लोखंडी प्लेटांवर आपण स्लॅब ओततो, त्या प्लेटा साकवावरून डोक्यावर वाहून आणल्या. तिघेजण खांबांवर चढले, आणि खाली उभे राहून बाकीच्या सगळ्यांनी हुकूम सोडायला सुरुवात केली. “टेको दी रे!” “आडवी घाल, उभी नको!” “लेवल बघ, लेवल!” लेवल! तुझ्या चितेवर लेवल बघायला निघाले होते. तुझा मुलगा मडकं घेऊन उभा, भटजी छत्रीत, आणि आम्ही सगळे ठेकेदार मिळून तुझ्यावर सेंटरिंग लावतोय. मला हसू फुटलं. हसता हसता रडू आलं, ते पावसात कोणाला कळलं नाही. बाबुरावाच्या प्लेटा तापून वाकल्या, तो एका अक्षराने बोलला नाही. विडीसुद्धा अर्धी मोडून देणारा माणूस तो. म्हणजे तुझी किंमत होती, मेल्या.

बाहेरच्या माणसाला वाटेल, ज्या गावात असा नावाजलेला कंत्राटदार, त्या गावच्या स्मशानाची ही दशा का? तर त्या कंत्राटदारामुळेच. आणि माझ्यामुळे, आणि बाबुरावामुळे. शेडीचं टेंडर दोनदा निघालं आणि दोन्ही वेळा एकही माईचा पूत पुढे आला नाही. कारण आपल्या धंद्यात सगळ्या सरकारी नियमांहून पक्का एक नियम आहे: मसणात बांधतलो, तो पयलो जातलो. स्मशान बांधणाराच त्याचं उद्घाटन करतो. कोणी म्हणतं असं डिचोलीकडे घडलं, कोणी म्हणतं दोडामार्गात. कोणाच्या बाबतीत घडलं, त्याचं नाव आजवर कोणाला सांगता आलेलं नाही. पण धास्ती मात्र सगळ्यांना.

दुसऱ्यांदा टेंडर फुकट गेलं तेव्हा मी तुला म्हटलं, “गाव तुझो, मसण तुझा. तू भर.”

“माका घाई नाय,” तू म्हणालास. “तूच भर मगे, सगुणा. तुझ्या काळजात डॉक्टरान आधीच दोन स्प्रिंगो घातल्यानी असत. तुका काय फरक पडतलो?”

हे माझ्या बायकोने, नलिनीने, आतून ऐकलं आणि तुला चहा द्यायचा नाही असं ठरवलं. दिला, पण बिनसाखरेचा. तू तो मुकाट्याने प्यालास आणि जाताना ‘वहिनी, चाय फसकलास झाली’ म्हणालास. त्या दिवसापासून शेड हा शब्द आमच्या घरात बंद झाला.

आपण दोघे वैरी, असं जग समजत होतं. समजणारच. मी साखळीचा, तू कोरगावचा, मध्ये अख्खा बार्देश पसरलेला, तरी गटार असो, शाळेची भिंत असो, मोरी असो, जिथे तू तिथे मी. मी टेंडर कसं भरायचो ते आता सांगायला हरकत नाही, कारण ती पद्धत तुझ्याबरोबर जळाली. माझा मुलगा संगणकावर सुंदर तक्ते करून देतो. चिऱ्यांचा दर, रेतीची ने-आण, मजुरी, नफा, सगळं रंगीत चौकटींत. मी ते बघतो, ‘झकास’ म्हणतो आणि बाजूला सारतो. मग फोन करून विचारतो, उल्हास कुठे आहे? तू साईट बघून आलास म्हणजे काम बरं. साईट बघून आलास आणि कोणाला बोलला नाहीस म्हणजे काम फारच बरं. आणि तू भेटेल त्याला ‘त्यात फायदो नाय रे’ असं सांगत सुटलास, की मी आणखी दोन टक्के खाली उतरून भरायचो.

त्या कोंडवाड्याचं आठवतं? शिरगावच्या वाटेवर एका पंचायतीला मोकाट गुरांसाठी कोंडवाडा हवा होता. मी तिथून जात होतो, बघतो तर तुझी जीप साईटच्या तोंडाशी उभी. दुसऱ्या दिवशी परत गेलो, जीप तिथेच. मी म्हटलं, माणूस दोन दिवस मुक्काम ठोकून अभ्यास करतोय, म्हणजे आत काहीतरी घबाड असणार. नक्की चिरे जागेवरच मिळत असणार! एवढा तर्क केला आणि इतका खाली गेलो की काम मलाच मिळालं. आत जाऊन पाहिलं तर कातळ. सगळा कातळ. एकेका खांबाच्या खड्ड्याला सुरुंग लावायचीच काय ती बाकी होती. मग तू हसत हसत आलास, हातात लईराईच्या जत्रेतल्या खाज्याचा पुडा, आणि विचारलंस, “काय विसरलंस?”

“तू दोन दिवस थंय काय करी होतंस?” मी ओरडलो.

“मी खंय? मी घराकडे होतंय. जीपचो टायर पंक्चर जाललो, मेल्या!”

आणि खरी गंमत पुढेच. मी ड्रॉइंगच्या प्रती काढल्या हे तुला झेरॉक्सवाल्याकडून कळलं होतं, म्हणून तूही भरलं होतंस, माझ्या जेमतेम वर. पंक्चर झालेल्या टायरमागे मी धावलो आणि माझ्यामागे तू. त्या कोंडवाड्यात पुढे एकही जनावर गेलं नाही. पंचायत तिथे जुनी कपाटं ठेवते.

‘काय विसरलंस?’ हा तुझा प्रश्न मला फार लागायचा, कारण तो खरा होता. काम कोणालाही मिळो, तू खाजं घेऊन पोचायचास आणि अभिनंदनाच्या जागी तेवढंच विचारायचास. तुझं म्हणणं असं की दहाजण हिशेब करतात, त्यातला सगळ्यात स्वस्त तोच ठरतो जो काहीतरी धरायला विसरलेला असतो. कोण पाणी विसरतो, कोण उतार, कोण पावसाळा. टेंडर मिळालं की पेढे नंतर वाटावेत, आधी घरी बसून शोधावं. मी पेढे आधी वाटायचो. शोधायचं काम तू करायचास आणि तुला दर वेळी सापडायचंच.

तुझी स्वतःची पद्धत तर जगावेगळी. साईट बघायला जायचास आणि साईटकडे पाठ करून गावातल्या चहाच्या हॉटेलात बसायचास. पातळ भाजी आणि दोन उंडे, ते गोल कडक पाव, मागवायचास आणि नुसता ऐकायचास. हॉटेलातली बाकं एकमेकांकडे तोंड करून असली तर गाव एक. पाठ करून असली तर गावात दोन पार्ट्या, म्हणजे काम निदान तीनदा बंद पडणार, म्हणजे दर वाढव. एका गावात तुला तिसरं बाक भिंतीकडे तोंड करून दिसलं तर तू भाजी अर्धी टाकून परत आलास. मी त्या गावात भरलं. ते काम अजून चालू आहे.

एक मात्र कबूल करायला हवं, आपण दोघेही कधी कधी डोळे उघडे ठेवून खड्ड्यात उडी मारायचो. खाणी बंद पडल्या तेव्हाची गोष्ट. ज्याच्याकडे एक टिपर उभा होता तो रातोरात कंत्राटदार झाला आणि वाटेल त्या दराने भरू लागला. इकडे माझी सावंतवाडीकडची माणसं खोलीत पत्ते खेळत बसलेली. बसलेली माणसं चार दिवस थांबतात, पाचव्या दिवशी गावी जातात आणि परत येत नाहीत. तेव्हा तोटा दिसत असूनही भरायचं, नुसती माणसं टिकवायला. तू म्हणायचास, “ह्या टेंडर नाय रे, ह्या खानावळीचा बिल.” त्या वर्षी आपण एकमेकांना एकदाही ‘काय विसरलंस’ विचारलं नाही. दोघांनाही उत्तर ठाऊक होतं.

आणि तुझा सगळ्यात कडक नियम: आपल्या गावातलं काम घेऊ नये. परक्या गावात एकच इंजिनीअर असतो, आपल्या गावात घराघरात एक. कोणी मामा येऊन सिमेंट कमी म्हणतो, कोणी मेहुणा येऊन खांब वाकडा म्हणतो, आणि कोणाला शिवी देता येत नाही कारण चतुर्थीला त्याच्याच घरी आरतीला जायचं असतं. इतक्या वर्षांत कोरगावात तू एक पायरीसुद्धा बांधली नाहीस.

आता आपल्या त्या शेवटच्या दिवसावर येतो. शेडीचं टेंडर तिसऱ्यांदा निघालं होतं. तू साखळीच्या बाजाराला आलास आणि आमच्या सोप्यावर येऊन बसलास. छत्री कोपऱ्यात उभी केलीस, तीच, वाकड्या मुठीची आणि एक काडी मोडलेली. इकडचं तिकडचं झाल्यावर, मी विचारलं नसताना, तू म्हणालास, “त्या शेडीच्या वाटेक जाव नको. फायदो नाय.”

माझे कान टवकारले. ‘फायदो नाय’! तुझ्या तोंडून हे दोन शब्द ऐकून मी आयुष्यात किती टेंडरं भरली असतील! मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिलो. काही सापडेना. मग तू एकदम माझ्या गोळ्यांची चौकशी केलीस. सकाळची कुठली, संध्याकाळची कुठली, जिना चढताना धाप लागते का. हे तू आजवर कधी विचारलं नव्हतंस. मला वाटलं, विषय बदलतोय, म्हणजे नक्कीच पाणी मुरतंय.

“मगे भरतलो कोण?” मी आवाज चढवला. “तुझ्या गावची माणसां भिजतच जळतली?”

“तुका काय पडला? तुझो गाव नाय, तुझा मसण नाय.”

“तुझो गाव असान तू नाय भरणस, आणि माका शिकवतंस?”

“नाय भरतंय! जा, सांग खंय सांगतंस ता!”

नलिनी आतून बाहेर आली. तू चप्पल घातलीस, वळून पाहिलं नाहीस आणि पावसातच निघून गेलास. छत्री कोपऱ्यात राहिली. मी ती घेऊन फाटकापर्यंत धावलो नाही, कारण मला धावायची मनाई आहे आणि कारण मी रागावलो होतो. मनात म्हटलं, भिजू दे, येईल उद्या छत्री न्यायला. तू आला नाहीस. काही दिवसांनी फोन आला तो तुझ्या बायकोच्या, सुलभा वहिनींच्या, भावाचा. दुपारी जेवून आडवा झालास आणि उठला नाहीस. तुझ्या चितेसमोर मी तुझ्याच छत्रीखाली उभा होतो. तू भिजत होतास आणि तुझी छत्री माझ्या डोक्यावर. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

या वेळीही कोणी भरणार नाही असं धरून खात्याने तिसऱ्या टेंडरची मुदत वाढवली होती. घरी आलो तरी ती पत्र्यांची भोकं काही डोक्यातून जाईनात. भरलं तर नियम आहे, आणि माझ्या काळजात स्प्रिंगा आहेत. नाही भरलं तर पुढच्या पावसात कोणीतरी असाच भिजणार, आणि सगळ्यांकडे बाबुराव नसतो. पहिल्यांदाच विचारायला कोणी नव्हतं. फोन उचलून ‘उल्हास कुठे आहे’ म्हणायचं तर उत्तर ठाऊक होतं.

तुला हसायला येईल, पण मी कोरगावात जाऊन चहाच्या हॉटेलात बसलो. तुझ्यासारखा. पातळ भाजी आणि दोन उंडे मागवले. बाकं बघितली. एकमेकांकडे तोंड करूनच होती. एक म्हातारी बाई पाव न्यायला आली होती, ती हॉटेलवाल्याला म्हणाली, “देवान माका उन्हाळ्यात न्हेल्यान तर बरा. पावसात न्हेल्यान तर झिलाक त्रास.” आणि दोघेही हसले. मला हसता आलं नाही. मी भाजी पुसून खाल्ली आणि उठलो.

नलिनीला सांगितलं की बँकेत जातो. ऑफिसात जाऊन संगणकाला डिजिटल सहीची डोंगल लावली आणि दर टाकला: एस्टिमेटच्या पाच टक्के वर. साकवावरून माल वाहायचे तीन आणि भीतीचे दोन. बटण दाबलं तेव्हा छातीत धडधडलं. मी पाच मिनिटं डोळे मिटून बसलो आणि मेलो नाही, तेव्हा घरी गेलो.

टेंडर उघडायच्या दिवशी कचेरीतल्या आपल्या बाकावर एकटाच बसलो. सवयीने डावीकडची जागा सोडून. हल्ली सगळं घरबसल्या दिसतं, कचेरीत कोणी येत नाही, आपण दोघेच यायचो, तो तरुण इंजिनीअर आपल्याला ‘पुराणवस्तू’ म्हणायचा. त्याने आत बोलावलं. पडद्याकडे बघत म्हणाला, “दोन आल्यात.”

दोन! मी म्हटलं, कोण हा दुसरा वेडा? बाबुराव? प्लेटांची भरपाई काढतोय की काय?

 इंजिनीअरने पडदा माझ्याकडे फिरवला. सगळ्यात कमी दर, पाच टक्के खाली. समोर तुझं नाव.

उल्हास, तू जाऊन पंधरवडा होत आला होता आणि तू मला पाडलंस. वरून! माझ्या तोंडून जे निघालं ते सगळ्या कचेरीने ऐकलं. मी पडद्याला विचारलं, “काय विसरलंस रे?” इतक्या वर्षांत तो प्रश्न तुला विचारायची पाळी माझ्यावर पहिल्यांदा आली होती, आणि समोर नुसतं नाव.

मी इंजिनीअरला तारीख विचारली. आपण सोप्यावर भांडलो त्याच्या आदल्या दिवशी तू भरलं होतंस. म्हणजे ‘नाय भरतंय’ म्हणून माझ्यावर ओरडलास तेव्हा तुझं टेंडर पेटीत जाऊन बसलं होतं. मेल्या, तेव्हा तुझ्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही!

इंजिनीअर हळू आवाजात म्हणाला, “त्यांची बोली आता बाद होते. तुम्ही एकटेच राहिलात. पण वरचा दर वरती मंजूर व्हायचा नाही. थोडे खाली याल?”

“उल्हासाचा दर लिहा,” मी म्हटलं.

“काका, त्या दरात भागत नाही. साकव बघितलात ना?”

“बघितलाय. त्याला त्यावरूनच नेला.”

तो पत्र टाइप करायला बसला.

तिथून उठून तडक कोरगाव. सुलभा वहिनी पुढच्या खिडकीशी बसल्या होत्या. मी वाटेत घेतलेला खाज्याचा पुडा त्यांच्यापुढे ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही.

“भरल्यानी होतो तेनी,” त्या म्हणाल्या. “माका म्हणाले, सगुणाक कळाक नको. मी भरतंय असा तेका कळला, तर तोय भरतलो. तेच्या काळजाक नको ता काम.”

 जन्मभर मी तुझ्या जीपमागे गेलो. हे तुला ठाऊक होतं, आणि तू त्याची मजाही घेतलीस, कातळापर्यंत नेऊन सोडलंस. फक्त एकदाच, जिथे मी मागे येऊ नये असं तुला वाटलं, तिथे तू जीप लपवलीस. तुझा गावाचा नियम मोडलास, मसणाचा नियम मोडलास, माझ्याशी भांडलास, भिजत गेलास. आणि मी तुला फाटकापर्यंत छत्री दिली नाही. माझं तुझ्यावर प्रेम होतं, उल्हास. हे एवढं साधं वाक्य मला त्या बाकावर बसून कधी बोलता आलं नसतं. तू लगेच विचारलं असतंस, कुठलं टेंडर हवं?

घरी येऊन नलिनीला सगळं सांगितलं. बँकेची थाप ऐकून ती आधी तासभर माझ्यावर जाळ काढत होती. डॉक्टरांना फोन करते म्हणाली, मुलाला फोन केला. मग तुझं टेंडर, तुझी तारीख, वहिनींचं बोलणं हे सांगितलं तशी तिने सूप पुढे ओढलं. बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, “जो बांधूक घेता, तो पयलो जाता. असाच मां तुमचो नियम?”

“होय.”

“मगे तेनी घेतल्यानी, आणि ते गेले. झालो नियम पुरो. आता तुमी बांधा.”

आणि डोळे पुसत आत गेली. थोड्या वेळाने चहा आला, दोन कप. एक माझ्यापुढे ठेवला, एक तू बसायचास त्या जागी. दुसऱ्यात साखर होती, मी चाखून पाहिला. उल्हास, आयुष्यभर माझ्या हातातली कामं पळवलीस. शेवटी माझी पाळीही पळवलीस.

काल कोरगावला माप घ्यायला गेलो होतो. पाऊस होताच, तुझी छत्री घेतली. साकव ओलांडून टेप काढतो न काढतो तोच गावातला एक म्हातारा पोचला. मग दुसरा. मग एक बाई गवताचा भारा घेऊन. तुझं खरं होतं, घराघरात इंजिनीअर. एकाला खांब डावीकडे हवा, दुसऱ्याला उजवीकडे, बाईला बसायला कट्टा हवा. म्हाताऱ्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, “मसणात बांधतलो तो पयलो जातलो म्हणतत. ठाऊक असा मां तुका?”

“ठाऊक असा,” मी म्हटलं. “पयलो गेलो.”

त्याची नजर छत्रीच्या वाकड्या मुठीवर गेली. मोडकी काडी बघितली. ओळख पटली असावी. त्याने माझ्या हातातून टेपचं दुसरं टोक घेतलं आणि पलीकडच्या खांबापाशी जाऊन उभा राहिला. तिथून ओरडला, “खांब उंच घे रे! पत्रो खाली आसलो तर धुरान लवकर कुसता. आणि पावळी भायर काढ, उभी रवतली ती माणसां भिजूक नये!”

म्हातारा बरोबर सांगत होता. मी खांब दीड हात उंच धरले आणि पावळी, म्हणजे छपराची कड, चारही बाजूंनी बाहेर काढली, म्हणजे खांदेकरीही कोरडे राहतील. कट्टाही धरला. यातलं काहीही एस्टिमेटमध्ये नाही, आणि दर तुझा, पाच टक्के खाली. घरी येऊन नेहमीप्रमाणे खाजं खात बसलो आणि तुझा प्रश्न स्वतःला विचारला. काय विसरलंस?

काही विसरलो नाही, मेल्या. तूही विसरला नव्हतास. हे मुद्दाम आहे.